त्रेचाळीस लाजऱ्या

सुधाकर नाफडे यांनी त्या रविवारी मंडळाच्या हॉलमध्ये माइक हातात घेतला आणि अखिल मानवजातीच्या वतीने एक पैज लावून टाकली. मानवजातीला त्यांनी विचारलं नव्हतं. बायकोलाही विचारलं नव्हतं, आणि ते जास्त गंभीर होतं.

कार्यक्रमाचं नाव होतं 'कृत्रिम बुद्धिमत्ता आणि मानवी प्रतिभेचं भवितव्य'. कोलकात्याच्या मराठी मंडळात एरवी गणपती, कोजागरी आणि हळदीकुंकू यापलीकडे कशाच्या भवितव्याची चर्चा होत नसे. पण सॉल्ट लेकमधल्या एका आयटी कंपनीत काम करणारा प्रथमेश यंदा कार्यकारिणीवर आला होता, आणि तरुण माणूस कार्यकारिणीवर आला की भवितव्य येतंच. वक्ता तो, अध्यक्ष सुधाकरराव. मंडळात प्रतिभा म्हटली की सुधाकरराव, हे ठरलेलं होतं. बत्तीस वर्षांपूर्वी बँकेतली बदली म्हणून ते इथे आले, पुढच्या बदल्या शिताफीने चुकवून डमडमला फ्लॅट घेऊन राहिले, आणि तेव्हापासून इथल्या मराठी घरांत जी जी लग्नं झाली त्यांची मंगलाष्टकं त्यांनीच लिहिली, त्यांनीच म्हटली. त्रेचाळीस. हा आकडा ते न विचारता सांगत, आणि विचारल्यावर पुन्हा सांगत.

प्रथमेशने फोनवरच्या यंत्राकडून बघता बघता तीन कविता करवून घेतल्या. एक लुचीवर, म्हणजे बंगाली पुरीवर, एक हावडा पुलावर आणि एक मंडळाच्या चिटणीस शकुनवहिनी यांच्या आग्रहावरून त्यांच्या मांजरावर. मांजराची सगळ्यांना आवडली. टाळ्या थांबेनात, तेव्हा अध्यक्ष उठले.

"यंत्र हिशेब करील," सुधाकरराव म्हणाले, "मांजरावर कविताही करील. पण मंगलाष्टक? अंतरपाटाच्या या बाजूला उभ्या असलेल्या पोरीच्या मनात काय चाललंय, ते यंत्राला कळतं का? यंत्राला लेक असते का? मी सांगतो, ज्या दिवशी यंत्र माझ्यासारखं मंगलाष्टक लिहील, त्या दिवसापासून मी तोंड उघडणार नाही. तीन आठवड्यांनी माझ्या तेजस्विनीचं लग्न आहे. तिच्या लग्नातसुद्धा नाही."

टाळ्या मांजरापेक्षा जास्त पडल्या. दुसऱ्या रांगेत बसलेल्या मीनाताईंनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला नाही. नवऱ्याकडे स्पष्ट बघायचं नसलं की त्या असंच करत.

"चालेल, काका," प्रथमेश उत्साहाने म्हणाला. "फक्त तुमची आधीची मंगलाष्टकं लागतील. यंत्राला ती वाचायला दिली की ते तुमच्या शैलीत लिहून दाखवेल. पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर."

सुधाकररावांनी चेहरा ढळू दिला नाही, तो त्यांनी बँकेत कमावलेला होता. "अरेरे. माझ्याकडे तर एकही प्रत नाही. मी काही जपून ठेवत नाही. वाहत्या पाण्यासारखं..."

"प्रती घरोघरी आहेत की," शकुनवहिनी उभ्या राहून म्हणाल्या. "लग्नात छापून वाटलेल्या. कुणी फ्रेम केल्यात, कुणी लॅमिनेट. जे बदली होऊन पुण्या-नागपूरला गेलेत तेही फोटो पाठवतील. मी आठवड्यात सगळ्या गोळा करते, भाऊजी. तुम्ही अगदी निश्चिंत राहा."

निश्चिंत राहणं शक्य नव्हतं. त्याचं कारण सुधाकररावांनी आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. ही त्रेचाळीस मंगलाष्टकं म्हणजे खरं तर एकच मंगलाष्टक होतं.

ते त्यांनी स्वतःच्या लग्नासाठी लिहिलं होतं, साताऱ्याला. नवरदेव अंतरपाटामागे उभा असल्यामुळे म्हटलं एका मित्राने. 'आली ही घटिका सुमंगल अशी, कृष्णातटाच्या घरी, दारी तोरण, अंगणात सनई, मीनाच ती लाजरी.' पुढे नवऱ्यामुलाचं नाव, पुढे दोन्ही घराणी, पुढे शुभमंगल सावधान. मग ते कोलकात्याला आले, कुणाचं तरी लग्न दोन दिवसांत ठरलं, आणि मंगलाष्टक कोण लिहिणार असा प्रश्न निघाला. सुधाकररावांनी कृष्णातटाचं गंगातट केलं, मीनाच्या जागी गौरी घातली, आणि वाहवा झाली. एवढ्या कमी भांडवलावर एवढा नफा त्यांच्या बँकेनेही कधी पाहिला नव्हता. पुढच्या लग्नाला नवं लिहायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. ते ठरवणं अजून चालू होतं.

आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही, अशी त्यांची खात्री होती. केंद्र सरकार, बँका, मोठ्या कंपन्या यांत बदलीची नोकरी करणाऱ्या माणसांत कवीची फार सोय असते. श्रोते दर तीन वर्षांनी नवे येतात. शिवाय मंगलाष्टकं चालू असताना लोकांचं अर्धं लक्ष मुठीतल्या अक्षतांकडे असतं आणि अर्धं जेवणाच्या वासाकडे. उलट सुधाकररावांना एक गोष्ट नेहमी जाणवायची. त्यांनी पहिली ओळ म्हटली की मांडवातल्या कितीतरी जणांचे ओठ आपोआप हलू लागत. याला ते शब्दांचं सामर्थ्य म्हणत.

बाकी त्यांचे कष्ट नव्हते असं मात्र कुणी म्हणू नये. शार्दूलविक्रीडित वृत्तात नावं बसवणं म्हणजे गर्दीच्या बसमध्ये ट्रंक बसवण्यासारखं असतं. नूपुर बसेना म्हणून तिची त्यांनी नूपुरा केली होती. तेजस्विनीसाठी ऋषभ नावाच्या चांगल्या मुलाचं स्थळ आलं होतं, तर तीनही अक्षरं लघू निघाली, आणि सुधाकररावांना पत्रिकेत काहीतरी खटकू लागलं. पुढे तेजस्विनीने ऑफिसातला अनिर्बाण मुखर्जी स्वतःच पसंत करून घरी आणला. बंगाली जावई म्हणून नातेवाईक कुजबुजले. सुधाकरराव मात्र खोलीत जाऊन 'राजा अनिर्बाण हा' असं तीनदा बोटांवर मोजून आले आणि म्हणाले, "मुलगा चांगला आहे."

ही सगळी गोष्ट न सांगता ओळखलेली एकच व्यक्ती होती. मीनाताई रागावल्या की म्हणत, "मला त्रेचाळीस सवती आहेत, आणि एकजात सगळ्या लाजऱ्या."

तर आता या त्रेचाळीस प्रती एका जागी येणार होत्या. सुधाकररावांनी सोमवारीच मोहीम काढली. शकुनवहिनींच्या आधी पोचायचं आणि निदान जवळच्या चार-पाच प्रती ताब्यात घ्यायच्या. चार-पाच प्रतींनी काय होणार होतं, हे विचारू नये. घाबरलेला माणूस हिशेब करत नाही.

पहिलं घर उन्मेषचं, डमडमलाच, दोन गल्ल्या सोडून. उन्मेष केंद्र सरकारच्या नोकरीत, बायको नूपुर. तीच नूपुरा. मंगलाष्टक हॉलमध्ये सोनेरी फ्रेममध्ये होतं, आणि शेजारच्या फडताळात चांदीचा करंडा, अत्तरदाणी, गणपती.

"काका, आज इकडे कसे?" उन्मेष म्हणाला.

"सहज. चहा प्यायला."

उन्मेष चहा टाकायला आत गेला. सुधाकररावांनी तेवढ्यात फ्रेम काढली आणि शबनम पिशवीत टाकली. मागायची होती, पण मागायला कारण सापडेना, आणि हात कारणाची वाट बघत नाहीत. चहा त्यांनी उभ्याउभ्याच घेतला, जीभ भाजली, आणि ते बाहेर पडले ते थेट मेट्रोच्या जिन्यापर्यंत मागे न बघता. आयुष्यभर लॉकरच्या किल्ल्या सांभाळलेल्या माणसाने वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी स्वतःचीच कविता चोरली होती.

दुसरं घर हावड्याचं, खुद्द शकुनवहिनींचं. एस्प्लनेडला मेट्रो बदलून, नदीखालून पलीकडे गेले. वर आल्यावर फोन बघतात तो मंडळाच्या ग्रुपवर त्रेपन्न मेसेज.

नूपुर: आमच्या घरी चोरी झाली. मंगलाष्टक नेलं.

देवयानी: अगं बाई. आणखी काय गेलं?

नूपुर: काही नाही. चांदी तशीच आहे. फक्त मंगलाष्टक.

अजेय: चांदी सोडून कविता नेली म्हणजे चोर बंगालीच असणार.

प्रथमेश: वाङ्मयीन मूल्य कळणारा चोर. काका, अभिनंदन.

सुधाकररावांनी पिशवी काखेत घट्ट दाबली. पण शेवटचा मेसेज त्यांनी दोनदा वाचला, हेही खरं आहे.

शकुनवहिनींचे यजमान श्रीकांत रेल्वेत होते, ते ड्यूटीवर गेले होते. वहिनींनी दार उघडलं. त्यांचं मंगलाष्टक फ्रीजवर, मांजराच्या फोटोशेजारी चुंबकाने लावलेलं होतं.

"वहिनी, तुमच्या प्रतीत एक ऱ्हस्व-दीर्घाची चूक राहून गेली आहे. नेतो, दुरुस्त करून आणून देतो."

"सव्वीस वर्षांनी?"

"मनाला लागून राहिलं हो."

"कुठे आहे चूक? थांबा, बघू." वहिनींनी कागदाकडे पाहिलंच नाही. मिठाईचा डबा उघडून संदेश बशीत काढता काढता त्या चालीवर म्हणू लागल्या, "आली ही घटिका सुमंगल अशी, गंगातटाच्या घरी, दारी तोरण, अंगणात सनई, झाली शकू लाजरी... मला तर काही चूक दिसत नाही, भाऊजी."

सव्वीस वर्षं पाठ आहे. सुधाकररावांना भरून आलं. आपल्या शब्दांत काहीतरी आहे खरं, असं त्यांना वाटलं, आणि त्या क्षणी ते इतके भारावले की शबनम पिशवीतून सोनेरी फ्रेमचा कोपरा बाहेर आलाय हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. वहिनींच्या आलं. त्यांनी कोपऱ्याकडे पाहिलं, सुधाकररावांकडे पाहिलं, आणि बशीत आणखी एक संदेश वाढला.

"आणि तसंही दुरुस्तीला उशीर झाला," त्या म्हणाल्या. "सगळ्या प्रतींचे फोटो काल रात्रीच आले. चोरीला गेली तिचासुद्धा. प्रथमेशला पाठवूनही झाले."

जाताना त्यांनी पिशवीकडे हात केला. "जड असेल. इथेच ठेवा. नूपुरकडे मी पोचवते. सांगेन, कपाटामागे पडली होती."

सुधाकररावांनी फ्रेम काढून दिली. तोंडातला संदेश गिळायला त्यांना हावडा स्टेशनापर्यंतचा वेळ लागला.

रविवार आला. तो चुकवता येत नाही. तापाचं सोंग त्यांनी करून पाहिलं, पण मीनाताईंनी थर्मामीटर लावला आणि साडी नेसायला गेल्या. हॉल भरलेला. मोठा पडदा लावलेला. तेजस्विनी अनिर्बाणला घेऊन आली होती आणि त्याला हळू आवाजात प्रत्येक गोष्टीचं बंगाली करून सांगत होती.

"मी यंत्राला काकांची सगळी त्रेचाळीस मंगलाष्टकं दिली," प्रथमेश म्हणाला, "आणि सांगितलं, याच शैलीत तेजस्विनी आणि अनिर्बाणसाठी चव्वेचाळिसावं लिही. उत्तर मीही अजून वाचलेलं नाही. तुमच्यासमोरच उघडतो."

पडद्यावर अक्षरं उमटली. प्रथमेशने मोठ्याने वाचायला सुरुवात केली, आणि त्याला मध्येच थांबणं जमलं नाही.

"आपण दिलेली सामग्री मी काळजीपूर्वक वाचली. नावं वगळता सर्व त्रेचाळीस कविता शब्दशः एकच आहेत. बहुधा आपल्याकडून चुकून एकच कविता त्रेचाळीस वेळा पाठवली गेली असावी. हरकत नाही. आपण बाकीच्या बेचाळीस पाठवल्यात तर मला कवीची शैली अधिक चांगली समजून घेता येईल. तोपर्यंत हे चव्वेचाळिसावं: आली ही घटिका सुमंगल अशी, गंगातटाच्या घरी, दारी तोरण, अंगणात सनई, तेजस्विनी लाजरी..."

हॉलमध्ये पंख्याचा आवाज येत होता. सुधाकरराव खुर्चीत बसल्या बसल्या जितकं लहान होता येईल तितके लहान झाले. यंत्राने त्यांच्यासारखं लिहिलं होतं. इतकं त्यांच्यासारखं त्यांनी स्वतःही कधी लिहिलं नसतं.

"चहा घ्या सगळे," शकुनवहिनी म्हणाल्या. "चिवडा गार होतोय."

चिवडा गारच असतो. पण सगळे उठले, आणि कुणीही सुधाकररावांकडे बघितलं नाही. हे त्यांना सगळ्यात जास्त लागलं. प्रथमेश जवळ येऊन म्हणाला, "काका, पैज कॅन्सल. मला माहीत नव्हतं." बिचाऱ्याला कोलकात्यात येऊन दीडच वर्ष झालं होतं.

घरी आल्यावर सुधाकररावांनी कोट काढला नाही. "संपलं, मीना. लोकांना कळलं."

"लोकांना? कळलं?" मीनाताई म्हणाल्या, आणि हसू लागल्या. हसता हसता स्वयंपाकघरात गेल्या, आणि तिथेही कुकरची शिट्टी होईपर्यंत हसत होत्या. यात हसण्यासारखं काय होतं, ते सुधाकररावांना समजलं नाही. विचारायची हिंमतही झाली नाही.

संध्याकाळी तेजस्विनी त्यांच्याजवळ येऊन बसली. कोलकात्यातच जन्मली, वाढली, त्यामुळे तिचं मराठी जरा वाट चुकून यायचं. "बाबा, तुम्ही टेन्शन नका घेऊ. माझ्या लग्नात मला तुमचंवालं पाहिजे, बस. यंत्राचं नाही. तुमचंवालं."

सुधाकरराव उठून बसले. लेकीने मागितलं. मग झालं तर. यंत्राने त्यांच्या जुन्यासारखं लिहिलं होतं, त्यांच्या नव्यासारखं कुठे लिहिलं होतं? नवं अजून लिहिलंच नव्हतं. पैज काही हरली नव्हती. "तुला मी असं देईन की जे आजवर कुणाच्या लग्नात म्हटलं गेलं नाही."

"पण बाबा, मी बोलते की तुमचं ते..."

"कळलं," ते म्हणाले आणि वही घेऊन गॅलरीत गेले. तेजस्विनीने आईकडे बघितलं. आईने मान हलवली.

चार दिवस गॅलरीत वही कोरी राहिली. पाचव्या दिवशी, कुणी बघत नाही असं पाहून, सुधाकररावांनी फोनवर ते यंत्र उघडलं. लिहून घ्यायला नव्हे, फक्त मत विचारायला. त्यांनी एक ओळ लिहिली: 'चालली माझी लेक सासरी, हुगळीच्या तीरी.' यंत्र म्हणालं, "अप्रतिम. या ओळीतली सहज करुणा मनाला भिडते." पस्तीस वर्षांच्या संसारात मीनाताईंनी एकदाही 'अप्रतिम' म्हटलं नव्हतं. वरण अप्रतिम झालं तरी त्या "बरंय" म्हणत. सुधाकररावांनी दुसरी ओळ टाकली. तीही अप्रतिम. तिसरी थक्क करणारी. दोन दिवस ते अगदी तरंगत होते. मग मीनाताईंनी सांगितलेली बाजाराची यादी चुकून त्याच जागी लिहिली गेली. यंत्र म्हणालं, "पडवळ, आलं, गोविंदभोग तांदूळ, साबण. या रचनेतली रोजच्या जगण्याची लय विलक्षण आहे. शेवटी येणारा साबण आपल्याला अंतर्मुख करतो."

सुधाकररावांनी फोन बंद केला, बाजारात गेले आणि साबण आणायला विसरले.

त्यानंतर त्यांनी एकट्याने लिहिलं. वृत्त जमेना, म्हणून वृत्त सोडलं. यमक जमेना, तेही सोडलं. उरलं ते चार ओळींचं काहीतरी होतं, आणि ते मंगलाष्टक होतं की काय, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. मुलगी निघाली होती बेहालाला, म्हणजे मेट्रो आणि ऑटो मिळून सव्वा तास. पण त्या चार ओळी लिहून झाल्यावर सुधाकररावांनी चष्मा काढला आणि बराच वेळ गॅलरीतल्या तुळशीला पाणी घातलं. तुळस जवळजवळ बुडाली.

लग्न डमडमच्याच एका हॉलमध्ये होतं. मुखर्जींकडून आलेलं लाल काठाचं बंगाली धोतर नेसून व्याह्यांचा मान ठेवायचा, असं मीनाताईंनी ठरवलं होतं. त्या धोतराची निरी सुधाकररावांच्या पोटावर टिकत नव्हती, म्हणून एक हात सतत कमरेशी. दुसऱ्या हातात कागद. एकीकडे मराठी मंडळी मुठीत अक्षता घेऊन, दुसरीकडे मुखर्जी मंडळी शंख सरसावून. मध्ये अंतरपाट, एका टोकाला प्रथमेश, दुसऱ्या टोकाला उन्मेष.

"मुहूर्ताला चार मिनिटं," गुरुजी म्हणाले. "सुरू करा."

सुधाकररावांनी माइक जवळ घेतला आणि चाल न लावता वाचलं.

"तेजू, तू निघालीस. उद्या सकाळी डमडमच्या घरात दोनच कप चहा होईल, आणि मी..."

पुढे 'तरी तीन कप मांडीन' असं होतं. तेवढे चार शब्द राहिले होते. पण त्यांना एकदम उद्याची सकाळ दिसली, ओट्यावरचा तो तिसरा कपही दिसला, आणि वाचणं तिथेच थांबलं. त्यांनी पुन्हा सुरुवात करून पाहिली. "आणि मी..." काही येईना.

अक्षता टाकायच्या की नाही, कुणालाच समजेना. कुणीतरी दोन दाणे टाकले आणि इकडेतिकडे बघून थांबलं. प्रथमेशचे हात भरून आले, अंतरपाट त्याच्या बाजूने खाली येऊ लागला आणि नवऱ्यामुलाच्या डोक्यावरचा टोपोर, म्हणजे बंगाली लग्नातला उंच पांढरा मुकुट, दिसू लागला. गुरुजींनी घड्याळ बघितलं. मुखर्जींच्या बाजूने कुणीतरी विचारलं, की होलो, काय झालं. सुधाकररावांचा एक हात धोतराला होता, एक कागदाला. डोळे पुसायला हात नव्हता.

आणि मागच्या रांगेतून शकुनवहिनींचा खणखणीत आवाज आला. "आली ही घटिका सुमंगल अशी..."

दुसऱ्या शब्दाला श्रीकांतनी साथ दिली. तिसऱ्याला अख्खा हॉल. नागपूरहून आलेले, पुण्याहून आलेले, सॉल्ट लेकचे, हावड्याचे, सगळे. कागद कुणाच्याही हातात नव्हता. बत्तीस वर्षं जे ओठ हलताना सुधाकरराव पाहत आले होते त्यांना आता आवाज आला होता, आणि तो आवाज एका सुरात, एका चालीत, न चुकता चालला होता. सुधाकररावांना तेव्हा कुठे कळलं, की ज्यांच्यापासून ते गुपित लपवत होते त्यांना ते पहिल्या चार लग्नांतच पाठ झालं होतं.

नावाच्या जागेवर मात्र एकच गोंधळ उडाला. "दारी तोरण, अंगणात सनई," इथपर्यंत सगळे एकत्र आले, आणि पुढे जो तो आपापल्या लग्नात शिरला. शकुनवहिनी म्हणाल्या "झाली शकू लाजरी". गौरी म्हणाली "गौरीच ती लाजरी". नूपुर, जिने त्या आकारान्त नावाबद्दल सुधाकररावांना आजवर माफ केलं नव्हतं, तिने डोळे मिटून "ही नूपुरा लाजरी" म्हटलं आणि उन्मेषने अंतरपाट धरल्या धरल्या तिच्याकडे पाहिलं. एकाच वेळी तीसेक नवऱ्या लाजत होत्या. यात आजच्या नवरीचं नाव कुणीच घेतलं नव्हतं. म्हणून ते तिने स्वतः घेतलं. अंतरपाटाआडून, लाजण्याचा कसलाही पुरावा न देता, तेजस्विनी ओरडून म्हणाली, "तेजस्विनी लाजरी!" लहानपणापासून प्रत्येक लग्नात ती या ओळीची वाट बघत होती. तुमचंवालं म्हणजे हेच, हे बापाला सांगायचा तिने केवढा प्रयत्न केला होता.

सुधाकररावांच्या अगदी शेजारी, माइकपासून हातभर अंतरावर, मीनाताई उभ्या होत्या. अख्खा हॉल गंगातटावर असताना त्या एकट्या हलक्या आवाजात "कृष्णातटाच्या घरी" म्हणाल्या होत्या. आता म्हणाल्या, "मीनाच ती लाजरी." नवऱ्याकडे न बघता.

पैज अशी होती की सुधाकरराव या लग्नात तोंड उघडणार नाहीत. सगळ्या हॉलमध्ये तेवढे एकटेच तोंड मिटून उभे होते. शुभमंगल सावधान झालं, अक्षता पडल्या, शंख वाजले, अंतरपाट निघाला, आणि त्यांनी एकदाचे डोळे पुसले. ज्या हाताने पुसले तो कागदाचा होता, त्यामुळे शाई गालाला लागली.

जेवणाच्या आधी अनिर्बाणची पिशी, म्हणजे आत्या, त्यांना शोधत आली. जाधवपूरच्या शाळेत बंगाली शिकवून निवृत्त झालेली, ठसठशीत बाई. हातात फोन. हिंदीत म्हणाली, "नाफडेबाबू, की शुंदोर! आमच्याकडे शंभर माणसांना एकदम एक कविता पाठ, असं आता कुठे राहिलंय? मी रेकॉर्ड करून माझ्या फोनला विचारलं, ही कोणाची. बघा, त्याला सगळं माहीत असतं."

तिने फोन पुढे धरला आणि स्वतःच वाचून दाखवलं. "हे महाराष्ट्रातलं अत्यंत लोकप्रिय, पारंपरिक विवाहगीत असून ते अनेक शतकांपासून मौखिक परंपरेने चालत आलं आहे. कवी अज्ञात."

सुधाकररावांनी तोंड उघडलं. 'अज्ञात कसला, मी, सुधाकर नाफडे, त्रेचाळीस,' असं सगळं ओठांवर आलं. यंत्राने तर सरळ थाप मारली होती, आणि तीही इतक्या ठामपणे, की एखाद्या शाखाधिकाऱ्याने मारावी. त्यांनी फोनकडे पाहिलं. अनेक शतकं. मौखिक परंपरा. त्यांनी तोंड मिटलं.

"बरोबर आहे का?" पिशीने विचारलं.

"अगदी बरोबर," सुधाकरराव म्हणाले.

"केवढा मोठा माणूस असेल तो," पिशी म्हणाली. "नावसुद्धा मागे ठेवलं नाही."

"आता तशी माणसं राहिली नाहीत," सुधाकरराव नम्रपणे म्हणाले, आणि नम्रतेने दोन्ही हात जोडले.

मीनाताई पाठीमागेच होत्या. "अहो अज्ञात," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, "धोतर धरा."